तळे गळते म्हणून बुजवू नका

यावल तालुक्यातल्या एका केळीवाल्या भाऊंचे पत्र आले आहे. साक्रीकडच्या मेहुण्याच्या शेततळ्यात दिवाळीनंतरही पाणी असते, ते पाहून आले आणि सातपुड्याच्या पायथ्याशी आपल्या रानात तसेच तळे खोदले. पहिल्या मोठ्या पावसाने ते काठोकाठ भरले आणि आठव्या दिवशी तळाचे गोटे उघडे पडले. ‘खोदणाऱ्याने मला फसवले. प्लास्टिक अंथरू की तळे बुजवू?’ असे ते विचारतात. पैसे कर्जाचे, त्यामुळे घरात रोज वाद. वहिनी म्हणतात, त्यापेक्षा ट्यूबवेल आणखी खाली नेली असती तर बरे होते.

भाऊ, तुम्हाला कोणी फसवले नाही. तुमचा डोंगर आणि मेहुण्याचा डोंगर एक नाही, एवढीच गोष्ट आहे.

साक्रीकडे काळा पाषाण. त्यात भेग असेल तिथे पाणी मुरते, नसेल तिथे साचून राहते. म्हणून मेहुण्यांचे तळे धरते. सातपुड्याच्या पायथ्याशी मात्र डोंगरातून उतरणाऱ्या नाल्यांनी हजारो वर्षे गोटे आणि रेती आणून टाकली आहे. भूगर्भवाले या पट्ट्याला बजाडा म्हणतात. सुकी, मोर, अनेर या नद्यांचे पाणी इथेच जमिनीत उतरते आणि यावल-रावेरच्या विहिरींना जे पाणी मिळते त्यातले बरेचसे इथूनच जाते. म्हणजे तुमचे तळे गळत नाही, ते विहिरींना पाणी पाजते आहे. पुढे तापीकडे गेले की गाळाची जमीन लागते. तिथे वरचा पिवळ्या मातीचा थर पाण्याला खाली जाऊच देत नाही.

शिरपूर तालुक्यात २००४ पासून जे काम झाले ते हा फरक ओळखूनच. भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांनी पाषाणातले नाले खोल-रुंद करून त्यात बांध घातले, गाळाच्या भागात पिवळी माती काढून खालच्या रेतीपर्यंत वाट करून दिली आणि धरणाचे जादा पाणी कोरड्या विहिरींत सोडले. त्यावर टीकाही झाली. पाषाणातला नाला वाटेल तितका खोल केला तर शेजारच्या विहिरीचे पाणी नाल्यात ओढले जाते, असे काही जाणकार म्हणतात, आणि ते खोटे नाही. ‘शिरपूरला झाले म्हणून आपल्याकडेही पोकलेन लावा’ ही घाई म्हणूनच बरी नव्हे. मेहुण्याचे पाहून तुम्ही केलेत, तसेच ते होईल.

तापीच्या पुराचे पाणी याच पट्ट्यात मुरवण्याच्या मोठ्या योजनेचा करार महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांच्यात १० मे २०२५ रोजी झाला. ते पाणी येईल तेव्हा येईल. तुमच्या तळ्याचे काम यंदाचे आहे.

त्या तळ्याचा खरा शत्रू गाळ. डोंगर उघडा पडला की माती वाहून येते, गोट्यांच्या फटी बुजतात आणि मुरणारे तळे नुसते डबके होते. त्यासाठी वरच्या पाड्यांवरचे जंगल टिकले पाहिजे. साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याने १९९० नंतरच्या वर्षांत चैत्राम पवार यांच्या पुढाकाराने जंगल राखले, तोडीला दंड बसवला, बांध घातले. उन्हाळ्यात पाण्यासाठी वणवण करणाऱ्या गावात विहिरींना पाणी राहू लागले. पवारांना २०२५ साली पद्मश्री मिळाली. पायथ्याच्या केळीवाल्याने वरच्या पाड्यांतल्या माणसांना पाण्यातले भागीदार समजावे. आपण त्यांना लाकूडतोडे म्हणून मोकळे होतो.

तेव्हा प्लास्टिक नको. केळीला उन्हाळ्यात हाताशी पाणी हवेच असेल तर प्लास्टिकचे तळे वेगळे, लहान करा. या तळ्याच्या तोंडाशी दगड, खडी आणि रेतीचा गाळा घाला, म्हणजे माती अलीकडेच राहील. दर उन्हाळ्यात तळाचा गाळ खरवडून शेतात टाका. खत-औषध मारलेल्या वावराचे पाणी मात्र तळ्यात येऊ देऊ नका. तेच पुढे पिण्याच्या विहिरीत उतरते.

एक गोष्ट लपवून उपयोग नाही. खर्च तुमचा आणि मुरलेले पाणी जाईल शेजाऱ्यांच्याही विहिरीत. त्याला कुंपण घालता येत नाही. चार-पाच शेजाऱ्यांना बसवून पुढच्या तळ्याचा खर्च वाटून घेता आला तर पाहा.

आणि मोजा. सरकारची भूजल यंत्रणा तिच्या ठरलेल्या विहिरी ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे महिन्यांत मोजते. तुम्हीही दोरीला दगड बांधा, हातहातभर गाठी मारा आणि सकाळी मोटार लावण्याआधी काठापासून पाण्यापर्यंत मोजून वहीत लिहा. आपल्या विहिरीबरोबर तळ्यापासून दूरची एक विहीरही मोजा, म्हणजे पावसाने किती दिले आणि तळ्याने किती ते कळेल. वही वहिनींच्या हाती द्या. ट्यूबवेलचा विषय मे महिन्याच्या मोजणीनंतर काढा, आणि आकडे आम्हाला कळवा.