वीस सेकंद आणि तीन महिने

डिसेंबर आला की वर्षातले उत्तम सिनेमे कोणते, याच्या याद्या सुरू होतात. २०२५ च्या यादीत एक रांग अनपेक्षितपणे भरलेली आहे, ती झोंबींची. मेलेली किंवा मेल्यासारखी माणसे चालत येतात, चावतात, आणि ज्याला चावतात तोही त्यांच्यातलाच होऊन जातो. १९६८ साली आलेल्या जॉर्ज रोमेरोच्या ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’पासून जवळपास एवढ्याच भांडवलावर हा प्रकार चालू आहे. आपल्याकडे ‘गो गोवा गॉन’ (२०१३) येऊन गेला, मराठीत आदित्य सरपोतदारांचा ‘झोंबिवली’ (२०२२) आला, तेव्हा या मंडळींची नव्याने ओळख करून द्यायला नको. (शब्द तसा मराठीला परका नाही. झोंबी म्हणजे झटापट. आनंद यादवांच्या आत्मचरित्रात्मक कादंबरीचे नावच ते. पडद्यावरचा झोंबी मात्र हैतीतून आला.)

समीक्षक या सिनेमांत किती दचकायला झाले, किती रक्त सांडले, हे मोजतात. वैद्यकाच्या बाजूने पाहणाऱ्याला दुसरीच गोष्ट मोजावीशी वाटते. चावा आणि माणूस बदलणे यांच्यामध्ये सिनेमा किती वेळ देतो, आणि त्या वेळात माणसे एकमेकांसाठी काय करतात? झोंबीपट हा मुळात साथीचा सिनेमा आहे, आणि साथीत सगळ्यात मोलाची वस्तू असते ती हा मधला वेळ.

डॅनी बॉयल आणि लेखक ॲलेक्स गारलँड यांच्या २००२ च्या ‘२८ डेज लेटर’ने हा वेळ जवळजवळ संपवूनच टाकला होता. त्यातला ‘रेज’ विषाणू रक्तातून किंवा लाळेतून अंगात शिरला की दहा-वीस सेकंदांत माणूस पिसाळतो. एका बापाच्या डोळ्यात वरून रक्ताचा एक थेंब पडतो. काय झाले ते त्याला कळते. मुलीला ‘माझ्यापासून लांब हो’ असे बजावण्यापुरताच अवधी त्याच्या हातात उरतो. दृश्य विलक्षण आहे, पण अशा आजारापुढे वैद्यकाला जागाच राहत नाही. निदान नाही, उपचार नाही. उरतो तो कोयता. पुढच्या कित्येक झोंबीपटांनी ही घाई उचलली, कारण घाई पडद्यावर छान दिसते.

म्हणूनच यंदाच्या यादीत पहिला क्रमांक त्याच जोडीच्या ‘२८ इयर्स लेटर’ला द्यायला हवा. जूनमध्ये आलेल्या या सिनेमात त्यांनी स्वतःच काढून घेतलेला वेळ परत दिला आहे. ब्रिटनला जगाने अठ्ठावीस वर्षे विलगीकरणात कोंडले आहे. इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्याजवळच्या लिंडिसफार्न बेटावर एक वस्ती तग धरून आहे. ओहोटीला उघडी पडणारी एक वाट तेवढी तिला मुख्य भूमीशी जोडते. तिथे स्पाइक हा बारा वर्षांचा मुलगा राहतो. बाप त्याला धनुष्यबाण चालवायला शिकवतो आणि पहिली शिकार करायला घेऊन जातो. आई आयला घरात आजारी आहे. डोके दुखते, मध्येच भ्रम होतो, मुलाला ती दुसऱ्याच नावाने हाक मारते. बेटावर डॉक्टर नाही. पलीकडे एक डॉक्टर राहतो, पण तो वेडा झाला आहे, असे लोक सांगतात. मुलगा आईला घेऊन त्या वेड्या डॉक्टरकडे निघतो.

इथून सिनेमा झोंबींचा राहत नाही, दवाखाना गाठू पाहणाऱ्या घराचा होतो. दुर्गम भागात काम केलेल्या कोणत्याही डॉक्टरला ही वाट ओळखीची वाटेल. पेशंट मोठा, सोबतीला आलेला नातेवाईक लहान, आणि मध्ये दिवसभराची पायपीट.

डॉक्टर केल्सनचे काम राल्फ फाइन्सने केले आहे. एकेकाळचा साधा फॅमिली डॉक्टर. विषाणूपासून बचाव म्हणून तो सगळ्या अंगाला आयोडीन फासून घेतो, त्यामुळे नारिंगी दिसतो. त्याने मेलेल्या माणसांच्या हाडांचे आणि कवट्यांचे एक स्मारक उभे केले आहे. त्यात बाधित आणि निरोगी असा भेद नाही. त्याच्याजवळ एक्स-रे नाही, प्रयोगशाळा नाही. तो बाईला समोर बसवतो, विचारतो, हाताने तपासतो, आणि जे आढळले ते तिला आणि मुलाला सरळ सांगतो. काय आढळले ते इथे सांगून रस घालवण्यात अर्थ नाही. वाईट बातमी कशी सांगावी, याचे धडे आता वैद्यकीय अभ्यासक्रमात आले आहेत; त्या तासाला हा प्रसंग दाखवला तर बिघडणार नाही.

आणखी एक प्रसंग वैद्यकीय चर्चेचा आहे. बाधित बाई बाळंत होते आणि मूल निरोगी निघते. काही प्रेक्षकांना हे अति वाटले. पण वार, म्हणजे प्लासेंटा, हा आई आणि गर्भ यांच्यातला मोठा चोखंदळ पहारेकरी आहे. रुबेला आणि झिका त्याला चुकवून आत जातात. एचआयव्हीच्या बाबतीत मात्र, उपचार मुळीच मिळाले नाहीत तरी, गर्भारपण, बाळंतपण आणि अंगावरचे दूध हे सगळे धरून लागण होते ती शंभरातल्या १५ ते ४५ बाळांना. आईला औषधे मिळाली तर हे प्रमाण पाचाच्या खाली येते. तेव्हा गारलँडची ही कल्पना अगदीच हवेतली नाही. सिनेमाची शेवटची पाच मिनिटे मात्र भलत्याच चित्रपटातून आणून चिकटवल्यासारखी वाटतात. आणि हा मुलांना शेजारी बसवून पाहायचा सिनेमा नव्हे.

सगळ्या घरासोबत पाहायचा असेल तर कोरियाचा ‘माय डॉटर इज अ झोंबी’. एका वेबकॉमिकवर बेतलेला हा सिनेमा जुलैच्या अखेरीस तिकडे लागला आणि त्याची पन्नास लाखांवर तिकिटे खपली. नायक जोंग-ह्वान वाघांना शिकवणारा माणूस. साथ येते, तरुण मुलगी सू-आ हिला लागण होते. सरकार बाधितांना हुडकून काढते आहे, शेजारीपाजारी संशयाने बघत आहेत. बाप मुलीला घेऊन समुद्रकाठच्या गावी, आपल्या आईकडे जातो. पोरगी गुरगुरते, चावायला धावते. पण आवडत्या नाचाचे सूर लागले की तिचे पाय हलतात, आणि आजीने पाठ खाजवायची काठी उगारली की ती दचकून गप्प बसते. एवढ्यावरून बाप ठरवतो की आत आपली मुलगी आहे. मग वाघाला शिकवावे तसे तो तिला शिकवू लागतो.

हा विनोदी सिनेमा आहे, उत्तरार्धात रडवतो, थोडे जास्तच रडवतो. पण त्याने धरलेला धागा वैद्यकाच्या अगदी जवळचा आहे. आजाराने माणूस ओळखू येईनासा झाला, तरी तो संपला असे केव्हा म्हणायचे? धडधाकट, हुशार मुलगी आठ-पंधरा दिवसांत असंबद्ध बोलू लागते, अंगावर धावून येते, तोंड वेडेवाकडे करते, मग झटके येतात. कुणी म्हणते वेड लागले, कुणी म्हणते बाहेरचे आहे, आणि घरचे देवऋषी गाठतात. यातल्या काही मुलींच्या मेंदूवर त्यांच्याच शरीराने हल्ला केलेला असतो. एनएमडीए रिसेप्टर एन्सेफलायटिस हे त्या आजाराचे नाव. त्यामागची प्रतिपिंडे जोसेप डालमाऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये शोधून काढली. कधी कधी मूळ अंडाशयातल्या गाठीत निघते. स्टिरॉइड, इम्युनोग्लोब्युलिन, गाठ असेल तर शस्त्रक्रिया, आणि कित्येक महिन्यांची सेवा. बहुतेक रुग्ण माणसांत परत येतात. आजीच्या काठीला घाबरणारी सू-आ हे तिकडचे विनोदाचे निमित्त असेल, पण बेशुद्धीतून वर येणारा रुग्ण कशाला पहिला प्रतिसाद देतो, हे घरची माणसेच बहुधा डॉक्टरांच्या आधी ओळखतात.

तिसरा ऑस्ट्रेलियाचा ‘वी बरी द डेड’. मार्चमध्ये अमेरिकेतल्या ऑस्टिनच्या महोत्सवात तो दाखवला गेला. अमेरिकी लष्कराच्या प्रायोगिक शस्त्राचा अपघात होऊन टास्मानियात असंख्य माणसे मरतात, आणि डेझी रिडलीची नायिका प्रेते उचलणाऱ्या स्वयंसेवकांत नाव नोंदवते. तिचा नवरा तिथे गेलेला होता. काही प्रेते उठतात. सिनेमा संथ आहे, पण त्याने प्रेताला कचरा मानलेले नाही, यासाठी तो पाहावा. आपत्तीत मेलेल्यांच्या प्रेतांमुळे साथ पसरते हा समज जागतिक आरोग्य संघटना कित्येक वर्षे खोडून काढते आहे. इबोला, कॉलरा अशा आजारांनी मृत्यू आला असेल तर गोष्ट वेगळी. घाईने सामुदायिक विल्हेवाट लावली की साथ टळत नाही, फक्त मागे राहिलेल्यांना आपले माणूस ओळखता येत नाही. कोविडमध्ये प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला बाप लांबून पाहिलेल्यांना हे वेगळे सांगायला नको.

आता पुन्हा त्या चाव्याकडे. लाळेतून जाणारा, मेंदू गाठणारा, माणसाला चवताळवणारा खराखुरा विषाणू आपल्या गल्लीत आहे. रेबीज. झोंबी आणि रेबीज यांची तुलना नेहमी लक्षणांवरून केली जाते, पण खरा फरक घड्याळात आहे. पडद्यावर वीस सेकंद. रेबीजमध्ये बहुधा एक ते तीन महिने. चाव्यातून आत गेलेला विषाणू रक्तातून धावत सुटत नाही. तो नसेत शिरतो आणि नसेच्या आतून मेंदूकडे सरकत राहतो, दिवसाला काही मिलिमीटर ते काही सेंटिमीटर. पायाला चावा असेल तर वाट लांब, तोंडाला किंवा मानेला असेल तर आखूड. या प्रवासात रुग्णाला काहीही जाणवत नाही. एकदा तो मेंदूत पोचला, घोटभर पाण्याने घशाचे स्नायू आवळू लागले, पंख्याच्या वाऱ्यानेही अंग आक्रसू लागले, की पुढे जवळजवळ शंभर टक्के मृत्यू. जगभर वर्षाला सुमारे ५९ हजार माणसे याने जातात असा अंदाज आहे, आणि त्यातला तिसरा हिस्सा भारतातला मानतात.

हा मधला वेळ निसर्गाने दिलेला आहे आणि लुई पाश्चरने १८८५ मध्ये तो ओळखला. आजार सुरू व्हायच्या आधी, चाव्यानंतर लस देऊन शरीराला पुढे काढायचे. विषाणू चालत येतो तोवर प्रतिपिंडे तयार. गोष्ट इतकी साधी असून माणसे मरतात, कारण हा वेळ वाया जातो. कुत्रा घरचा आहे, पिल्लूच होते, दात नाही नुसते नख लागले, अशी समजूत काढली जाते. जखमेवर चुना, हळद, मिरचीपूड जाते. मार बसेल म्हणून मूल सांगतच नाही. पोटातल्या चौदा इंजेक्शनांची भीती अजून लोकांच्या बोलण्यात आहे; मेंढ्यांच्या मेंदूपासून होणारी ती लस भारतात वीस वर्षांपूर्वीच बंद झाली. आता कातडीत चार भेटींत लस होते, त्याच दिवशी, तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या. सरकारी रुग्णालयात ती मोफत मिळते. दोन डोस घेतले, कुत्रा जिवंत दिसला नाही, जखम भरली, मजुरी बुडते, म्हणून पुढचे सोडले, हा नेहमीचा प्रकार.

त्याआधीचे काम तर नळाखाली होते. वाहते पाणी आणि साबण, पूर्ण पंधरा मिनिटे, आणि मग केल्सनच्या अंगावर असते तेच आयोडीन. जखम खोल असेल, रक्त आले असेल, तर लशीबरोबर इम्युनोग्लोब्युलिन थेट जखमेत टोचावे लागते. लस तयार प्रतिपिंडे आणत नाही, ती शरीराकडून करून घेते, आणि त्याला आठवडा-दोन आठवडे लागतात. तोवरची राखण हे इम्युनोग्लोब्युलिन करते. ते प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात नसते, आणि खरे तर ओरड याची व्हायला हवी. ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांवरून भटक्या कुत्र्यांच्या बाजूने आणि विरोधात देशभर घसे कोरडे झाले. त्या गदारोळात तालुक्याच्या रुग्णालयातल्या फ्रीजमध्ये काय आहे, हे कुणी विचारल्याचे दिसले नाही. गोव्याने मात्र २०१३ पासून कुत्र्यांना घरोघर, गल्लोगल्ली लस टोचली, शाळांतून मुलांना शिकवले, आणि २०२१ मध्ये स्वतःला रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून घोषित करण्यापर्यंत मजल मारली. झोंबींचा हिंदी धिंगाणा ज्या राज्यात घडला, तिथेच हे व्हावे, हा योगायोग.

‘२८ इयर्स लेटर’चा पुढचा भाग, ‘द बोन टेंपल’, जानेवारी २०२६ चा. दिग्दर्शन निया डाकोस्टाचे. पहिल्या भागात केल्सन सॅमसन नावाच्या महाकाय बाधिताला मारत नाही; मॉर्फिन लावलेला बाण फुंकनळीतून सोडून त्याला झोपवतो. दोघेही नव्या भागात आहेत. झोपवून ठेवलेल्या त्या राक्षसाला डॉक्टर या खेपेला तपासायला घेतो का, ते पाहायचे.