अडत वाचली, काम वाढले

वाशीच्या बाजारात आंबा पाठवायचा आणि विक्रीची पट्टी हातात पडेपर्यंत भावाचा पत्ता नाही, हे आपण वर्षानुवर्षे सोसले. आता शंभर-दीडशे कलमांचा बागायतदारही व्हॉट्सअ‍ॅपवर भाव टाकतो, यूपीआयने पैसे आधी घेतो आणि दोन डझनांचा खोका रात्रीच्या गाडीने पुण्याला धाडतो. भाव त्याचा स्वतःचा. हे चांगलेच झाले.

मात्र अडत्याची कामे आता आपल्या गळ्यात आली आहेत. साक्याचेच घ्या. फळ वरून निर्दोष, कापले की आत पांढुरका, स्पंजासारखा गर. बाजारात ते कोणाच्या बागेतले, हे विचारायला कोणी येत नसे. आज त्या फोडीचा फोटो पाच मिनिटांत आपल्याकडे येतो आणि सोसायटीच्या ग्रुपवरही जातो. तिथे हुज्जत घालू नये. फळ बदलून द्यावे किंवा पैसे परत करावेत. खरा इलाज काढणीत आहे. झाडावर जास्त तयार होऊ दिलेल्या फळात साक्याचे प्रमाण वाढते, म्हणून चौदा आणे तयार फळ ‘नूतन’ झेल्याने देठासह काढा, असे दापोलीचे कृषी विद्यापीठ सांगत आले आहे. भाव चढा असला की ‘अजून चार दिवस राहू दे’ हा मोह होतो, तो टाळा.

दुसरे, नावाचे. हापूसला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तरी परराज्यातला आंबा ‘देवगड’ म्हणून बिनदिक्कत विकला जातो, आणि इंटरनेटवर तर फोटो कोणाचाही उचलता येतो. या मानांकनाचा अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करायला मात्र आपल्यातलेच कित्येक जण आळस करतात. मग तक्रार कोणत्या तोंडाने करायची?

उरली उचल, म्हणजे हंगामाआधीची आगाऊ रक्कम. फवारणीला पैसा लागतो थंडीत, ग्राहक देतो मार्च-एप्रिलात. ही फट दलाल भरून काढत होता, आणि त्याची उचल घेतली की मालही त्यालाच द्यावा लागे. काही जण आता मोहोर पाहून जुन्या ग्राहकांकडून आगाऊ नोंदणी घेतात. युक्ती बरी आहे. पण अवकाळी पाऊस आला, फळगळ झाली, तर पेट्या आणणार कुठून? शेजारच्या बागेतला आंबा आपल्या नावाने द्यायची वेळ तिथेच येते. अपेक्षित पिकाच्या एक तृतीयांशापलीकडे नोंदणी घेऊ नये, आणि पीक हुकल्यास पैसे किती दिवसांत परत करणार, हे नोंदणी घेतानाच लिहून कळवावे.