गिटारवरचा शिंपला कापला कोणी?

हाताने घडवलेल्या चांगल्या गिटारची किंमत आज लाखांत मोजली जाते. काळ्या आबनुसाच्या फिंगरबोर्डवर शिंपल्याची वेल, पक्षी किंवा एखादे नाव जडवलेले असेल, तर ती आणखी चढते. ही नक्षी बऱ्याचदा संगणकावर चालणाऱ्या सीएनसी यंत्रावर कापलेली असते आणि कारागिराने ती तयार विकत आणलेली असते. त्यात फसवणूक नाही. पण ‘हँडमेड’ हा शिक्का याबद्दल काहीच बोलत नाही, आणि तो बोलायला हवा. हाताच्या कामाची बाजू घेणारे एक लाडके कारण पुढे करतात: हाताने कापलेल्या तुकड्यात थोडा वाकडेपणा राहतो, तोच माणसाचा स्पर्श. हे कारण लंगडे आहे. खाच मोठी झाली आणि फट आबनुसाचा भुगा मिसळलेल्या गोंदाने बुजवली, तर त्याला ढिलाई म्हणायचे, स्पर्श नव्हे. हाताच्या कामाचे खरे मोल समजून घ्यायचे तर आधी शिंपला म्हणजे काय ते पाहावे लागते.

मोत्याच्या शिंपल्याचा सुमारे 95 टक्के भाग कॅल्शियम कार्बोनेटचा, म्हणजे रसायन पाहिले तर खडूचाच. फरक रचनेत आहे. अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास जाडीचे असंख्य पापुद्रे एकावर एक रचलेले असतात. दिसणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबीही याच मापाची असल्याने थराथरांतून परतणारे किरण एकमेकांत मिसळतात आणि रंग उमटतात. म्हणून हा रंग शिंपल्याच्या अंगचा नाही, तो बघण्याच्या कोनाचा आहे. धूपछाव पैठणी जशी नेसणारी वळली की रंग पालटते, तसा हा तुकडा गिटार हलली की एका बाजूने उजळतो आणि दुसऱ्या बाजूने राखाडी पडतो. त्यात शिंपला मुळात वाकडा; त्यातून सपाट चकती काढताना हे थर तिरके छेदले जातात, आणि अॅबलोन नावाच्या शिंपल्याच्या हिरव्या-जांभळ्या लाटा त्या छेदातूनच खुलतात. जास्त घासला तर खालचा थर वर येतो आणि रंग बदलतो. (गोव्यातल्या जुन्या घरांच्या खिडक्यांत दिसतो तो शिंपला निराळा: पातळ, अर्धपारदर्शक, उजेड आत घेण्यापुरता.) एकाच शिंपल्यातून निघालेले दोन तुकडेही सारखे नसतात. कोणता तुकडा कोणत्या पाकळीसाठी आणि कोणत्या दिशेने फिरवून, हा निर्णय करवत हातात घेण्याआधीच करावा लागतो.

करवत म्हणजे सोनार वापरतो तीच. पाते केसासारखे बारीक, इंचाला साठ-सत्तर दाते. समोर इंग्रजी व्ही आकाराची खाच पाडलेली लाकडी फळी. तिच्यावर साधारण दीड मिलिमीटर जाडीची चकती बोटांनी दाबून धरायची. करवत जागच्या जागी वरखाली चालते आणि वळते ती चकती. जरा घाई केली की पाते तुटते, नाहीतर पाकळीचे टोक उडते. यंत्राशी मोजून तुलना करायची तर ती इथेच होते. सीएनसीचे हत्यार गोल फिरते, त्यामुळे दोन पाकळ्या जिथे मिळतात तो आतला कोपरा हत्याराच्या गोलाईइतका बोथट राहतो. बारीक हत्यार लावावे तर ते लवकर मोडते. करवतीचे पाते मात्र थेट कोपऱ्यापर्यंत जाते आणि चकती तिथेच वळवता येते. टोरोंटोचे गिटार-कारागीर ग्रिट लॅस्किन यांनी गिटारच्या गळ्यावर शिंपला, धातू आणि दगडांची अख्खी कथाचित्रे उभी केली, ती अशा तुकड्या-तुकड्यांच्या निवडीतून आणि त्यांवर कोरलेल्या रेषांतून.

यावरचा रोखठोक आक्षेप असा, की शिंपल्याने आवाज सुधारत नाही, मग एवढा खटाटोप कशाला? आवाज सुधारत नाही हे खरेच. पण वाद्याची किंमत कधीच नुसत्या आवाजावर ठरलेली नाही. 1833 मध्ये सुरू झालेल्या मार्टिन कंपनीने 1933 साली गायक-अभिनेते जीन ऑट्री यांच्यासाठी पहिली डी-45 गिटार घडवली. तिच्या कडांना अॅबलोनची पट्टी होती आणि फिंगरबोर्डवर शिंपल्यात त्यांचे नाव. 1942 पर्यंत अशा अवघ्या 91 गिटारी झाल्या. संग्राहक आज त्यांच्यामागे धावतात, त्यात त्या दिसण्याचा वाटा मोठा आहे. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: यंत्र चालवणारासुद्धा चकती निवडू शकतो, फिरवून पाहू शकतो. शकतो, आणि असे करणाऱ्याला मी हाताने काम करणाऱ्यांतच धरेन, कारण मोल निवडीचे आहे, घामाचे नाही. पण यंत्राचा हिशेब त्याला तसे करू देत नाही. शिंपल्याचा पत्रा लावला, पन्नास तुकडे निघाले, यातच त्याची बरकत असते. प्रत्येक तुकड्यापाशी थांबून विचार करायचा तर यंत्र घेण्याचा फायदाच उरत नाही.

यंत्राच्या बाजूने दोन गोष्टी मात्र मोकळेपणाने मान्य करायला हव्यात. शिंपल्याचा भुगा फुप्फुसांना वाईट. मास्क आणि भुगा ओढून घेणारा पंखा नसेल तर करवतीचे कौतुक कारागिराच्या जिवावर बेतते. बंदिस्त यंत्र त्याला यातून वाचवते. दुसरी गोष्ट समुद्राची. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरचा पांढरा अॅबलोन बेसुमार पकडीमुळे इतका घटला, की अमेरिकेने 2001 मध्ये त्याला संकटग्रस्त ठरवले. 1990 च्या दशकात शिंपल्याचे पातळ पापुद्रे चिकटवून यंत्रावर लावता येतील असे मोठे पत्रे बनवण्याची रीत आली आणि वाया जाणारा माल वाचू लागला. हे पत्रे वापरावेत, बिनदिक्कत वापरावेत. माझे म्हणणे इतकेच, की ते वापरले हे सांगावे.

सांगणे अवघड नाही, कारण कागदपत्रांची सवय या धंद्याला आधीच लागली आहे. अमेरिकेत शिंपला आयात करताना तो कोणत्या प्राण्याचा आणि कोणत्या देशातला हे साधारणपणे जाहीर करावे लागते. लाकडासाठी तिथल्या लेसी कायद्यात 2008 मध्ये तशीच तरतूद झाली. भारतीय शिसवाच्या निर्यातदारांनी हा जाच जवळून पाहिला आहे: 2017 मध्ये शिसवाच्या सगळ्या जातींवर आंतरराष्ट्रीय निर्बंध आले, आणि तयार वाद्यांना 2019 अखेर सवलत मिळेपर्यंत कागदांचा ढीग वाढतच राहिला. म्हणजे गिटारमधले झाड आणि प्राणी कुठले ते कागद सांगतो. माणूस कुठला, हे कुणी विचारत नाही. आपल्याकडेही चित्र फार वेगळे नाही. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ही चांगलीच गोष्ट झाली. पण सतारीवरची पांढरी नक्षी, जी पूर्वी भारी वाद्यांवर हस्तिदंताची असे आणि आज बहुतेक प्लास्टिकची असते, ती कुणी कापली हे गिऱ्हाइकाला सहसा कळत नाही.

नक्षी कुणी कापली याची नोंद सक्तीची केली तर एकट्याने काम करणारा छोटा कारागीर अडचणीत येईल, अशी भीती घातली जाते. उलट आज तोटा त्याचाच होतो आहे. तयार नक्षी बसवणारा आणि आठवडाभर करवतीपाशी बसणारा एकाच शब्दाखाली विकतात, आणि भावाची घासाघीस झाली की दुसऱ्याचा आठवडा फुकट जातो. कायदा नको, सरकारी शिक्का तर नकोच. बिलावर एक ओळ पुरे: नक्षी कुणी आखली, शिंपला कुणी निवडला, कापला कशावर. बाहेरून मागवली असेल तर तसे लिहावे आणि कापणाऱ्याचे नाव घालावे. ते नाव वाचून गिऱ्हाईक जास्त पैसे देईल की नाही, हे गिऱ्हाइकावर सोडावे.