चाचणी बोलते, ऐकतो कोण?

घन इंधनाच्या अग्निबाणाचा स्वभावच हट्टी. द्रव इंधनाच्या इंजिनाचा पुरवठा तोडता येतो. इथे इंधन आणि त्याला ऑक्सिजन पुरवणारे रसायन रबरासारख्या एकाच गोळ्यात मुरलेले असते. एकदा पेटले की ते संपेपर्यंत जळणार. म्हणून आधी इंधनाची बारीक कांडी दाबाखाली जाळून ज्वलनाचा वेग मोजायचा, मग छोटी मोटर पेटवायची आणि अखेर पूर्ण आकाराची मोटर जमिनीला जखडून तिचा दाब व रेटा नोंदवायचा, अशी रीत पडली.

परंतु नोंद झाली म्हणजे बोध झाला, असे नव्हे. १९७७ साली अमेरिकेच्या स्पेस शटलच्या बूस्टरच्या पोलादी कवचाला पाण्याचा दाब दिला, तेव्हा दोन खंडांमधला सांधा घट्ट मिटण्याऐवजी किंचित उघडतो, असे दिसले. तरीही मोटर पुढे ‘उत्तीर्ण’ झाली. नोव्हेंबर १९८१ मधील दुसऱ्याच उड्डाणानंतर सांध्यातले रबरी कडे झिजलेले आढळले. पण यान सुखरूप परतले होते! २७ जानेवारी १९८६ च्या रात्री अभियंत्यांनी बजावले, की १२ अंश सेल्सिअसखाली उड्डाण नको. वरिष्ठांनी तो सल्ला फिरवला. दुसऱ्या दिवशी सुमारे २ अंशांच्या थंडीत ‘चॅलेंजर’ झेपावले आणि ७३ सेकंदांत सात जिवांसह नष्ट झाले.

चाचण्या कमी पडल्या, असे याचे स्पष्टीकरण दिले जाते. थंडीतल्या चाचण्या अपुऱ्या होत्या, हे खरेच. पण मला ते उत्तर पुरेसे वाटत नाही. सांध्याने आपले दुखणे नऊ वर्षे आधीच सांगितले होते. ते ऐकणाऱ्यांना फक्त ‘पास की नापास’ एवढेच हवे होते.

आपल्याकडे वसंतराव गोवारीकरांसारख्या शास्त्रज्ञांनी घन इंधनाचा पाया घातला. १९८९ मध्ये पीएसएलव्हीच्या पहिल्या टप्प्याची २.८ मीटर व्यासाची मोटर श्रीहरिकोट्याला जमिनीवर पेटवली गेली. अशा बातमीत आपण ‘यशस्वी’ हा शब्द शोधतो आणि पान उलटतो. गुणपत्रिकेच्या संस्कारात वाढलेल्या समाजाला दुसरे सुचणार तरी काय? माझे म्हणणे एवढेच, की प्रत्येक यशस्वी चाचणीनंतर ‘अनपेक्षित काय दिसले?’ हा प्रश्न विचारला गेला पाहिजे आणि त्याचे अप्रिय उत्तर देणाऱ्या कनिष्ठाला संरक्षण मिळाले पाहिजे. जमिनीवर न ऐकलेले उत्तर आकाशात ऐकावे लागते, आणि तेव्हा त्याची किंमत भलतेच कोणी मोजते.