लेझरने घडवलेली चांदी काळूकाठी कधी येणार?

टिटवाळ्याजवळून वाहणाऱ्या काळू नदीच्या पाण्यात कोणती रसायने मिसळली आहेत, हे डोळ्यांना दिसत नाही. नमुना प्रयोगशाळेत जाऊन अहवाल येईपर्यंत ते पाणी पुढे उल्हास नदीला मिळालेले असते. हा उशीर कमी करू शकेल असे एक तंत्र आहे: लेझरने काचेवर घडवलेले चांदीचे नॅनोकण.

नेमके काय होते?
काचेवर चांदीचा काही नॅनोमीटर जाडीचा थर देतात. एक नॅनोमीटर म्हणजे मीटरचा शंभर कोटीवा भाग. लेझरचा क्षणिक झोत पडताच थर वितळतो आणि अळवावरच्या पाण्यासारखा थेंबाथेंबांत गोळा होतो. थेंब थिजले की कण तयार. लेझरची ऊर्जा बदलून कणांचा आकार बदलता येतो. दोन झोत एकमेकांवर पाडले, तर कण रांगेतही बसवता येतात.

उपयोग काय?
रेणूवरून विखुरलेल्या प्रकाशाचा अगदी थोडा भाग रंग बदलतो, हे सी. व्ही. रामन यांनी १९२८ मध्ये दाखवले. त्यावरून रेणू ओळखता येतो, पण हा संकेत फार क्षीण असतो. चांदीच्या कणांमधल्या फटींत तो लाखो पटींनी वाढतो. त्यामुळे पाण्यातली अत्यल्प रंगद्रव्ये किंवा कीटकनाशकेही सापडू शकतात.

महाराष्ट्राला हा विषय परका नाही. पुणे विद्यापीठातील सतीशचंद्र ओगले, व्ही. जी. भिडे आणि सहकाऱ्यांनी पाण्यातल्या लोखंडावर लेझर मारून त्याच्या पृष्ठभागावर वेगळे ऑक्साइड घडवले. तो शोधनिबंध १९८७ मध्ये ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’मध्ये आला. द्रवात लेझरने पदार्थ घडवण्याच्या शाखेतले ते सुरुवातीचे काम मानले जाते. अडचण ज्ञानाची नाही, ते नदीकाठी नेण्याची आहे.

मर्यादाही आहेत. गढूळ पाण्यात संकेत बिघडतो, चांदी हवेत काळवंडते, पारा-शिशासारखे धातू थेट दिसत नाहीत. म्हणून ही पट्टी प्रयोगशाळेची जागा घेणार नाही. कोणता नमुना आधी तपासायचा, एवढे ती सांगू शकेल.

मुंबई विद्यापीठाचे उपकेंद्र कल्याणमध्येच आहे. महापालिकेने काळूवरच्या नमुन्यांच्या जागा ठरवून द्याव्यात, विद्यार्थ्यांनी वर्षभर पट्टी आणि प्रयोगशाळा यांचे निकाल ताडून पाहावेत आणि ते आकडे लोकांसमोर ठेवावेत. पट्टी नापास झाली, तरी नदीची वर्षभराची नोंद हाती राहील.