बारा दिवे आणि एक पेटी

दिवाळी अंकात दिव्यांविषयी लिहायचे म्हणजे पणती, आकाशकंदील आणि आजीच्या वेळचा लामणदिवा यांना चुकवून पुढे जाता येत नाही, अशी रीत आहे. यंदा ती रीत मी मोडणार आहे. मला लिहायचे आहे ते रंगमंचावरच्या दिव्यांविषयी, आणि त्यातही हे दिवे ज्या पेटीच्या हुकमात वागतात त्या पेटीविषयी. तुम्ही म्हणाल, मराठी शिकवणाऱ्या माणसाला ही विजेची उठाठेव कशाला? तर कॉलेजात मराठीच्या प्राध्यापकाकडे दोन गोष्टी न मागता चालत येतात. एक भित्तिपत्रक आणि दुसरे नाट्यमंडळ!

आमच्या नाट्यमंडळाला माजी विद्यार्थ्यांच्या देणगीतून बारा एल.ई.डी. दिवे मिळाले. बाजारात ज्याला ‘चोपन्न बाय तीनचा पार’ म्हणतात तो हा दिवा. चोपन्न बारीक दिवल्या, प्रत्येकी तीन वॅटची. पूर्वी हजार वॅटचे बारा हॅलोजन टांगले की बारा किलोवॅट वीज लागे आणि खाली उभा असलेला नट घामाने निथळे. नवे बारा मिळून, कंपनीचा हिशेब खरा धरला, तरी दोन किलोवॅटच्या आत भागते. आनंदीआनंद झाला. मग कोणीतरी विचारले, हे चालवायचे कशावर? तेव्हा प्राचार्यांनी तीस हजार रुपये मंजूर केले आणि वर बजावले, “यात बसवा. पुन्हा मागायला येऊ नका.”

तीस हजार ही रक्कम घरातल्या लग्नातल्या बजेटासारखी असते. ऐकताना मोठी वाटते आणि दुकानात गेल्यावर आक्रसते. नाटकासाठी बनवलेले नामांकित कन्सोल लाखांच्या घरात आहेत. त्यांच्याकडे फक्त पाहून घ्यायचे. दुसऱ्या टोकाला काही हजारांत मिळणारी, ऑर्केस्ट्रा आणि गणेशोत्सवाच्या मांडवात दिसणारी १९२ चॅनेलची काळी पेटी आहे. दुकानदार तीच पुढे सरकवतो आणि सांगतो, “सर, यात दोनशे चाळीस सीन बसतात!” दोनशे चाळीस! आमच्या एकांकिकेत मोजून एकोणीस होते.

घाईने भुलण्याआधी थोडा हिशेब समजून घेऊ. फार कठीण नाही. जुन्या दिव्याला एकच गोष्ट सांगावी लागे, कमी हो की जास्त हो. एल.ई.डी. दिव्याला लाल किती, हिरवा किती, निळा किती, पांढरा किती, शिवाय एकूण उजेड किती आणि लुकलुकायचे की नाही, हे सारे वेगवेगळे सांगावे लागते. सांगण्याची प्रत्येक वाट म्हणजे एक चॅनेल. आमच्या दिव्याला अशा आठ वाटा आहेत. बारा आठे शहाण्णव. ही भाषा १९८६ साली अमेरिकेतल्या रंगभूमीच्या तंत्रज्ञांनी ठरवली. तिचे नाव डी.एम.एक्स. ५१२. नावातच तिची मर्यादा आहे. एका ओळीवर ५१२ चॅनेल आणि प्रत्येक चॅनेलवर शून्यापासून २५५ पर्यंतचा आकडा. दिव्यांना घरांसारखे क्रमांक द्यायचे, की ज्याचा निरोप त्यालाच पोचतो. तेव्हा शहाण्णव चॅनेलसाठी १९२ ची पेटी पुष्कळ झाली. दुकानदाराचे गणित चूक नव्हते. चुकत होता तो प्रश्न.

बरोबर प्रश्न विचारला तो आमच्या प्रकाशयोजना सांभाळणाऱ्या मुलीने. दुसऱ्या वर्षाला आहे, बोलते कमी. दुकानदाराचे सारे ऐकून घेऊन ती मला हळूच म्हणाली, “सर, बाकी काही नसलं तरी चालेल. शेवटचा अंधार मला हळू पाडता आला पाहिजे.”

या वाक्यामागे एक जखम होती. आदल्या वर्षीच्या स्पर्धेत आमच्या एकांकिकेच्या शेवटी म्हातारी आजी रिकाम्या घरात दाराकडे तोंड करून बसते. तिच्यावरचा उजेड वीस सेकंदांत विझायचा. पेटी भाड्याने आणलेली. मुलीने हाताने दांडी खाली घ्यायला सुरुवात केली. वरचा अर्धा प्रवास सुरेख झाला. खाली मात्र उजेड पायऱ्यांवरून घरंगळावा तसा धक्के खात आला आणि अखेरीस फट्‌कन विझला. मागच्या रांगेत कोणीतरी हसले. सहा आठवड्यांची मेहनत त्या एका हसण्यात गेली. आजीचे काम करणारी मुलगी पडद्यामागे रडत होती, आणि ही दिव्यांवरची तिच्यासमोर जायला तयार नव्हती.

दोष तिच्या हाताचा नव्हता. जुन्या दिव्याची तार तापलेली असते. वीज कमी केली तरी ती सावकाश निवते आणि उजेडाला आपोआप मऊपणा येतो. एल.ई.डी.ला ही माया नाही. सांगितले तेवढेच आणि त्याच क्षणी. २५५ पायऱ्यांतल्या तळाच्या पाचदहा पायऱ्या अंधाराला सरावलेल्या डोळ्याला सरळ दिसतात. यावर निम्मा इलाज दिव्यातच असतो. काही दिव्यांत उजेड कमी-जास्त होण्याची चढण निवडता येते, ती सर्वांत मऊ ठेवावी. उरलेला इलाज पेटीत असतो. प्रत्येक दृश्याला स्वतःची वेळ देता आली पाहिजे. हे तीन सेकंदांत उमलेल, ते वीस सेकंदांत मावळेल, आणि पुढचे दृश्य एका बटणावर येईल. नाटकाला हवे ते हे. मांडवातल्या पेटीला हवे असते ते गाण्याच्या ठेक्यावर रंग पळवणे. तिथे ती पेटी गुणी आहे. पण दर दृश्याची वेगळी वेळ लक्षात ठेवणे ही तिची जात नव्हे. ढोलकीवर भूपाळी वाजवायला सांगून ढोलकीला नावे ठेवण्यात काय अर्थ?

मग मधला रस्ता निघाला तो संगणकाचा. क्यू.एल.सी. प्लस नावाचा प्रोग्रॅम फुकट मिळतो. त्यात दृश्ये ओळीने लावता येतात, प्रत्येकाची येण्या-जाण्याची वेळ लिहिता येते. संगणक आणि दिवे यांच्यामध्ये एक लहानशी डबी लागते, ती मात्र विकत घ्यावी लागते. इथे कंजुषी करू नये. स्वस्त डबीत सगळा ताल संगणकाला सांभाळावा लागतो आणि तो दुसऱ्या कामात गुंतला की दिवे अडखळतात. थोड्या महाग डबीत स्वतःचा मेंदू असतो.

एका मुलाने उत्साहाने सांगितले, “सर, माझा लॅपटॉप वापरू!” मी नको म्हटले. मुलगा मनाने चांगला आहे. पण दोन वर्षांनी तो पदवी घेऊन जाईल, आणि लॅपटॉपबरोबर एकोणीस दृश्येही जातील. संस्थेची वस्तू संस्थेत राहावी. प्रयोगशाळेतून निघालेला एक संगणक आम्ही मागून घेतला. त्याचे इंटरनेट तोडले, झोपी जाण्याची सवय मोडली, आणि नाटकाखेरीज त्याच्याकडून काही करून घ्यायचे नाही असा दंडक घातला.

आणि ती काळी पेटी? तीही घेतली. संगणक रुसला तर प्रयोग थांबू नये म्हणून, आणि पहिल्या वर्षाच्या मुलांना दांडी हाताने वरखाली करून उजेड म्हणजे काय ते कळावे म्हणून. डबी, पेटी आणि चांगली केबल असे सारे मंजूर रकमेत बसले. केबलचे मुद्दाम सांगतो. माइकची वायर सारखीच दिसते आणि कधीकधी चालतेही. पण भर प्रयोगात दिवे लुकलुकू लागले की तिची आठवण होते. डी.एम.एक्स.चीच केबल घ्यावी आणि शेवटच्या दिव्याला १२० ओहमचे बूच लावावे. आणखी एक. एल.ई.डी. दिवे जुन्या डिमरच्या सॉकेटात कधीही खोचू नयेत. त्यांना अखंड वीज लागते. डिमरची तुकड्यातुकड्यांची वीज त्यांचा जीव घेते.

तुमच्या सोसायटीत, शाळेत किंवा मंडळात अशी खरेदी निघाली, तर दुकानात आपला एक दिवा घेऊन जा. वीस सेकंदांचा अंधार पाडून दाखवा म्हणावे. मग पेटीची वीज काढून पुन्हा लावा आणि तिला मघाचे आठवते का ते पाहा. एवढ्या दोन परीक्षांत माहितीपत्रकातले निम्मे आकडे गळून पडतात.

१८४३ साली सांगलीला विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केले तेव्हा यातले काही नव्हते. १९५९ साली कलकत्त्याला ‘अंगार’ नाटकात तापस सेनांनी कोळशाच्या खाणीत चढत जाणारे पाणी नुसत्या प्रकाशाने दाखवले, तेव्हाही डी.एम.एक्स. जन्मायला सत्तावीस वर्षे अवकाश होता. म्हणून पेटीला फार मोठे मानू नये. पण मुलांनी जीव ओतून उभा केलेला शेवटचा क्षण यंत्राच्या धक्क्याने हास्यास्पद होऊ नये, एवढी काळजी घेणे हे आपल्यासारख्या खर्च मंजूर करणाऱ्या मोठ्या माणसांचे काम आहे.

यंदाच्या एकांकिकेची तालीम सुरू आहे. शेवटच्या दृश्यापुढे त्या मुलीने वेळ लिहिली आहे, बावीस सेकंद. “दोन वाढवले का गं?” मी विचारले. ती म्हणाली, “सर, लोकांना थोडं थांबू दे.”