कानातली गाठ साधीच आहे, हे नुसतं बघून ठरवू नका!

"डॉक्टर, कान जड वाटतोय. मळ असेल, तेवढा काढून द्या." ओपीडीत हे वाक्य रोजचंच. बहुतेक वेळा तो मळच असतो. पण क्वचित दुर्बिणीतून पाहिल्यावर मळाऐवजी त्वचेने झाकलेली मऊ, गुळगुळीत गाठ दिसते.

कानाची नळी मोठ्या माणसात साधारण अडीच सेंटीमीटर लांब असते. तिच्या बाहेरच्या भागात कूर्चा, केस, मळ तयार करणाऱ्या ग्रंथी आणि थोडी चरबी असते. आतला भाग हाडाचा. तिथली त्वचा अगदी पातळ. हातावर, पाठीवर नेहमी दिसणारी चरबीची गाठ, म्हणजे लायपोमा, कानाच्या नळीत मात्र दुर्मिळ. रक्तवाहिन्यांची गाठ, म्हणजे हिमँजिओमा, हीसुद्धा तशीच दुर्मिळ. या गाठी कर्करोगाच्या नाहीत, शरीरात पसरत नाहीत. पण नळी अरुंद असल्यामुळे छोटी गाठही वाट अडवते. मग मागे मळ साचतो, ऐकू कमी येतं, संसर्ग होतो.

"साधीच आहे ना, मग तपासणीचा खर्च कशाला?" असं तुम्ही विचाराल. माझं मत स्पष्ट आहे: काढलेली प्रत्येक गाठ पॅथॉलॉजीकडे गेलीच पाहिजे. मळाच्या ग्रंथींची साधी गाठ आणि कर्करोगाची गाठ वरून सारखीच दिसू शकते. फरक सूक्ष्मदर्शकाखालीच कळतो. खर्च परवडत नसेल तर ससूनसारख्या सरकारी रुग्णालयात जा, पण ही पायरी गाळू नका.

तुकडा काढण्याचीही घाई नको. लालसर, ठोके पडणारी गाठ मधल्या कानातून आलेली असू शकते. तिला धक्का लागला तर खूप रक्तस्राव होतो. अशा वेळी आधी सीटी स्कॅन किंवा एमआरआय करावा लागतो.

म्हणून एकाच कानाने कमी ऐकू येत असेल, तर लसणाचं तेल, बड्स, हेअरपिन काहीही घालू नका. कानातून रक्त येणं, सतत दुखणं किंवा चेहरा वाकडा होणं, यांपैकी काही असेल तर त्याच दिवशी दाखवा.

गाठ काढायची ठरली, तर डॉक्टरांना दोन प्रश्न जरूर विचारा: आधी स्कॅन लागेल का? आणि बायोप्सीचा रिपोर्ट कधी मिळेल? तो रिपोर्ट हातात घेऊन, समजून घेऊन मगच निश्चिंत व्हा.